'ही' म्हणजे तो, की तीसुद्धा?

परवा रविवारी सोसायटीच्या मीटिंगआधी उपविधींची इंग्रजी प्रत वाचत बसलो होतो. (द्रोणागिरीत रविवारी दुसरं करणार काय? बाल्कनीतून न्हावाशेव्याचे कंटेनर मोजायचे!) सगळीकडे 'चेअरमन', आणि त्याच्यामागे 'ही', 'हिज', 'हिम'. आमच्या चेअरमन आहेत शेजारच्या काकू. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, "अरे, कायद्यात 'ही'मध्ये 'शी' धरलेली असते." गंमत बघा, मराठीत 'ही' म्हटलं की मुळात बाईच!

काकूंचं बरोबर निघालं. १८६०च्या दंड संहितेत कलम ८ मध्ये लिहूनच ठेवलं होतं की 'ही' म्हणजे पुरुष किंवा स्त्री, कोणीही. १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्येही तेच, फक्त एक अट घालून: संदर्भ विरुद्ध नसेल तर. आता आपण कोड लिहिणारी माणसं. बग कुठे लपतो ते आपल्याला माहीत असतं. या 'नसेल तर'मध्ये!

कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. मार्क असे की इंग्लंडला जायची सरकारी स्कॉलरशिप तिलाच मिळायला हवी होती. मिळाली नाही, कारण ती बाई. शेवटी तिकडच्या हितचिंतकांनी पैसे जमवले. १८९२ साली तिने ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तब्बल तीस वर्षं! ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हतं.

बरं, इथे परत येऊन वकिली करावी तर ते दारही बंद. १९१६ साली कलकत्त्यात रेजिना गुहा या लॉ ग्रॅज्युएट बाईंनी वकिलीची सनद मागितली. १८७९च्या वकिलांच्या कायद्यात शब्द होता 'पर्सन'. म्हणजे व्यक्ती. शिवाय 'ही'मध्ये 'शी' आहेच, मग अडचण कसली? हायकोर्ट म्हणालं, कायदा करणाऱ्यांच्या मनात बायका नव्हत्याच. अर्ज नामंजूर. १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांनाही हेच उत्तर मिळालं.

म्हणजे चोरी केली तर बाई 'ही'मध्ये बसते, आणि सनद मागितली तर 'पर्सन'मध्येही बसत नाही!

त्याच १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने मात्र कॉर्नेलियाला वकील म्हणून नोंदवून घेतलं. तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. बाकीच्या बायकांसाठी १९२३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. केवळ स्त्री म्हणून कोणी वकिलीला अपात्र ठरणार नाही, एवढंच सांगायला एक अख्खा कायदा!

जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात 'ही' म्हणजे पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी. यादी वाढली, सर्वनाम तेच.

असो. काकू इंग्रजी कागदावर 'चेअरमन'च्या रेघेवर मुकाट सही करतात. मराठी नोटिशीवर मात्र 'अध्यक्षा' छापून आलं नाही तर नोटीस परत पाठवतात.