गांजाचे वेड आणि बरे होण्याचा रकाना

दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्या मनुष्याने ते व्यसन सोडल्यावर त्याचा मेंदू पूर्ववत होतो काय, हा प्रश्न आज प्रयोगशाळेचा मानला जातो. परंतु हिंदुस्थानात या प्रश्नाला एक दप्तरी पूर्वेतिहास आहे, आणि तो नजरेआड केल्यास आजच्या उत्तराची मर्यादाही नीट उमगत नाही. या दोहोंचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१८९३ च्या मार्च महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत हिंदुस्थान सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. सात सभासदांपैकी तीन हिंदी होते. आयोगाने ११९३ साक्षी नोंदविल्या व १८९४ साली आपला अहवाल सादर केला. गांजाने वेड लागते, ही समजूत त्या काळी सर्वत्र रूढ होती आणि तिचा मुख्य आधार वेड्यांच्या इस्पितळांतील आकडे हा होता. आयोगाने हे आकडे जसेच्या तसे न स्वीकारता त्यांच्या मुळाशी जाण्याचे ठरविले, हे त्याचे खरे कार्य म्हणावे लागेल.

१८९२ साली इस्पितळांत दाखल झालेल्यांपैकी २२२ रुग्णांच्या वेडाचे कारण गांजा, भांग किंवा चरस असे लिहिलेले होते. प्रत्येक प्रकरणाची छाननी केल्यावर त्यांपैकी केवळ ९८ प्रकरणांत हे कारण संभवनीय ठरले. त्यांतही काहींच्या बाबतीत इतर कारणे मिसळलेली होती. ही तफावत कशी पडली? रुग्णाबरोबर येणारा तपशील बहुधा पोलिसांकडून वा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतून येई. कारणाचा रकाना भरणे आवश्यक असे. मनुष्य गांजा ओढतो एवढे कळले, की तेच कारण म्हणून लिहिले जाई आणि पुढे इस्पितळाच्या नोंदवहीत उतरे. भटक्या, निराधार मनुष्याविषयी दुसरे काही सांगणारा बहुधा कोणी नसेच.

येथवरचा भाग अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. मात्र त्याच नोंदवहीतील शेवटच्या रकान्याकडे, म्हणजे रुग्ण बरा होऊन गेला की नाही या नोंदीकडे, फारसे लक्ष गेलेले नाही. इस्पितळात गांजा मिळत नसे. म्हणून तेथील वास्तव्य हे सक्तीचे व्यसनवर्जनच होते. गांजाजन्य मानला जाणारा भ्रम अल्पकाळ टिकतो व रुग्ण लवकर सावरतो, असे अनेक डॉक्टरांचे मत होते. परंतु या निरीक्षणाचा उपयोग निदानासाठी करण्यात आला: रोगी लवकर बरा झाला, त्या अर्थी कारण गांजाच असले पाहिजे. हा युक्तिवाद चक्राकार आहे. शिवाय रुग्णास सोडून दिल्यावर दप्तरही मिटत असे. त्याची स्मरणशक्ती, कामातील उमेद, पुन्हा व्यसनाकडे वळणे यांपैकी कशाचीही नोंद होत नसे.

आयोगासाठी डॉ. डी. डी. कनिंगहॅम यांनी एका माकडास सुमारे आठ महिने गांजाचा धूर देऊन पाहिले. त्याच्या मेंदूत उल्लेखनीय विकृती आढळली नाही. तत्कालीन सूक्ष्मदर्शकास दिसणारा बदल तेथे नव्हता, एवढाच याचा अर्थ होतो. कारण ज्या स्थानी बदल घडतो ते स्थान १९८८ पर्यंत कोणास ठाऊकच नव्हते. त्या वर्षी अॅलिन हाउलेट व विल्यम डेव्हेन यांनी गांजातील द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहींना चिकटते त्यांचे अस्तित्व सिद्ध केले. १९९२ साली मेंदूत स्वभावतःच तयार होणारे तत्सम द्रव्य जेरुसलेम येथे सापडले, आणि त्यास आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदामाइड’ हे नाव मिळाले.

दीर्घकाळ रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्यकात हे ग्राही सुमारे २० टक्क्यांनी घटतात, आणि चारेक आठवड्यांच्या वर्जनानंतर बहुतांशी पूर्वपदावर येतात, असे २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. तत्पूर्वी, २००१ साली, हॅरिसन पोप यांनी जुन्या व्यसनींची बौद्धिक चाचणी घेतली होती. सातव्या दिवशी दिसणारी स्मृतीतील उणीव अठ्ठाविसाव्या दिवशी उरली नव्हती. उलट न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील १०३७ व्यक्तींच्या प्रदीर्घ पाहणीत, पौगंडावस्थेत सुरू होऊन वर्षानुवर्षे चाललेल्या सेवनामुळे झालेली बुद्ध्यंकातील घट व्यसन सोडूनही पूर्णतः भरून आली नाही, असे २०१२ साली मांडण्यात आले. हा निष्कर्ष वादग्रस्त आहे. कौटुंबिक व सामाजिक परिस्थितीचा वाटा त्यात किती, हा आक्षेप अद्याप कायम आहे.

तेव्हा ‘अठ्ठावीस दिवस’ हाही एक रकानाच होय. ग्राही पूर्ववत झाले म्हणजे मनुष्य पूर्ववत झाला, असे मानणे म्हणजे १८९२ च्या कारकुनाचीच चूक उलट्या दिशेने करणे होय. त्याने ठाऊक असलेल्या एका गोष्टीला संपूर्ण कारण ठरविले. आपण मोजता येणाऱ्या एका गोष्टीला संपूर्ण आरोग्य ठरवू नये. व्यसन कोणत्या वयात लागले, किती वर्षे टिकले आणि सोडल्यानंतर त्या मनुष्यास कोणते जीवन लाभले, हे प्रश्न विचारल्यावाचून बरे होण्याचा इतिहास लिहिता येणार नाही. जुन्या नोंदवह्या वाचणाऱ्याने कारणाच्या रकान्याबरोबरच शेवटचा रकानाही वाचावा, आणि त्यापलीकडील कोऱ्या जागेचे भान ठेवावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.