यतीच्या शोधास लागणारी कागदपत्रे

एखाद्या गोष्टीचा छापील अर्ज मिळत असेल तरच ती गोष्ट जगात आहे, असे आम्हां बँकेतल्या माणसांचे मत असते. देवाबद्दल मी बी.कॉम.पासून थोडा साशंक आहे तो यामुळेच. यतीवर मात्र माझा विश्वास बसायची वेळ आली होती, कारण त्याच्यासाठी रीतसर नियम होते आणि फीसुद्धा होती.

यती म्हणजे हिमालयातला तो केसाळ हिममानव. लहानपणी मला यती म्हणजे संन्यासी एवढेच माहीत. त्यामुळे साहेब लोक दुर्बिणी घेऊन एका साधूच्या मागे का लागलेत आणि साधू एवढा का पळतोय, हे मला बरीच वर्षे उमगले नव्हते.

तर ते नियम. ३० नोव्हेंबर १९५९ रोजी काठमांडूच्या अमेरिकन वकिलातीतून एक पत्रक निघाले. त्यात नेपाळ सरकारच्या तीन अटी होत्या. पहिली, यती शोधायच्या परवान्यासाठी पाच हजार रुपये भरावे लागतील, भारतीय चलनात. (यती नेपाळचा, शोधणारे अमेरिकेचे आणि रुपये मात्र आपले! चलनविनिमयाच्या पेपरात असा प्रश्न आला असता तर मी निम्मे मार्क सोडून दिले असते.) दुसरी, यती दिसल्यास त्याचा फोटो काढावा किंवा त्याला जिवंत पकडावे, पण स्वसंरक्षणाची पाळी आल्याखेरीज गोळी घालू नये, आणि फोटो काय किंवा खुद्द यती काय, सरकारजमा करावा. तिसरी, बातमी आधी सरकारला द्यावी, वर्तमानपत्रांना परस्पर नाही. सापडला नाही तर फी परत मिळण्याबद्दल त्यात अक्षर नव्हते. प्रोसेसिंग फीचा स्वभाव तेव्हापासून तोच आहे.

हसण्यावारी नेऊ नका. यतीशी माणसासारखे वागा, असे सरकारी भाषेत लिहिलेला दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही. त्याआधी त्याचे नाव घेतानाही कुणी भीड बाळगली नव्हती. १९२१ साली हॉवर्ड-बरी यांची तुकडी एव्हरेस्टची वाट शोधायला गेली. लाखपा ला खिंडीपाशी बर्फात मोठे ठसे दिसले. साहेबांचे मत पडले लांडगा. हमाल म्हणाले ‘मेतोह-कांगमी’. दार्जिलिंगला हेन्री न्यूमन नावाच्या वार्ताहराने हमालांना गाठले आणि त्या ‘मेतोह’चे भाषांतर असे केले की जगभर तो ‘ओंगळ हिममानव’ म्हणून प्रसिद्ध झाला. अस्वल-मानव असा काहीसा साधा अर्थ होता म्हणतात. खात्यावर नाव चुकीचे चढले की ते दुरुस्त करायला काय यातायात पडते, हे मी रोज बघतो. इथे तर खातेदारच बेपत्ता.

आपल्याकडे असे झाले नसते. मराठी माणूस ज्याला भितो त्याला आधी ‘बा’ लावतो. वाघाचा वाघोबा, नागाचा नागोबा. आमच्या पालघर जिल्ह्यातले वारली अजून वाघदेवाला पुजतात, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. यती तुंगारेश्वरच्या रानात उतरला असता तर आठवड्यात यतोबा झाला असता, आणि महिन्यात त्याला शेंदूर लागला असता.

आता दोन चोऱ्या सांगतो. म्हणजे एक चोरी आणि एक कर्जव्यवहार.

पांगबोचेच्या मठात यतीचा म्हणून एक वाळका हात जपून ठेवलेला होता. टॉम स्लिक या टेक्सासच्या तेलवाल्याच्या पैशावर पीटर बर्न तिथे पोचला आणि १९५९ साली त्याने त्यातले बोट काढून त्या जागी माणसाचे बोट बसवले. देणगी देऊन की राखणदाराच्या नकळत, हे सांगणाऱ्याप्रमाणे बदलते. पुढे ते बोट कलकत्त्याहून लंडनला नेले नट जेम्स स्टुअर्ट आणि त्यांच्या पत्नीने, बाईंच्या अंतर्वस्त्रांच्या पेटीत दडवून. तिथे हात घालायला कस्टमवाला धजत नाही, हा हिशेब. १९९०च्या दशकात मठातला उरलेला हातही कुणीतरी पळवला. एकदा फोडलेल्या लॉकरवर चोराचा डोळा राहतोच. आणि २०११ साली एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनी त्या बोटाचा डीएनए तपासला, तर ते माणसाचेच निघाले. म्हणजे माणसाचे बोट चोरून तिथे माणसाचेच बोट ठेवले. ताळेबंद जुळला, पण काय उपयोग?

दुसरा व्यवहार १९६० सालचा. हिलरीसाहेबांना खुमजुंग गावच्या मठातली यतीची टाळू तपासायला हवी होती. गावाने ती दिली, पण सहा आठवड्यांच्या मुदतीने, आणि सोबत आपला खुनजो चुंबी नावाचा मुखिया पाठवून. तारण आणि जामीनदार एकाच विमानात! टाळू शिकागो, पॅरिस, लंडन फिरली, मुखियाही फिरला. तज्ज्ञांनी सांगितले की ही सेरो नावाच्या डोंगरी जनावराच्या कातड्याची बनवलेली आहे. टाळू गावी परतली, आणि १९६१ साली हिलरींनी खुमजुंगला शाळा बांधली. यती मिळाला नाही, पण मास्तर मिळाला. असे कर्ज मी डोळे मिटून मंजूर करीन.

पुढचे थोडक्यात. २०१७ साली यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले गेले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. २०१९ साली आपल्या लष्कराने मकालूच्या तळाजवळचे बत्तीस इंच बाय पंधरा इंचांचे ठसे जाहीर केले आणि देशभर लोक हसले. मी हसलो नाही. मला तो अधिकार नाही.

कारण १९९०च्या सुमारास आम्ही तीन पोरांनी पापडीत असाच एक शोध घेतला होता. तळ्याच्या अंगाला एका केळीच्या वाडीत संध्याकाळी खवीस उभा राहतो, अंगभर केस, अशी वर्गात पक्की खबर होती. थंडीचे दिवस. एक बॅटरी, खिशात दगड. परवाना नाही, फी नाही, कुंपणाखालून आत. बावखलाच्या काठी तो खरेच उभा होता, काळा, केसाळ, वाकलेला. आमच्यातल्या एकाने दगड मारला. खवीस “आई गं” म्हणाला.

घोंगडीची खोळ घेऊन पंप चालू करायला आलेले वाडीवाले मामा होते ते. भुवईवर तीन टाके पडले. आम्ही जे पळालो ते घरी येऊन शुभंकरोति म्हणायलाच बसलो. ती एरवी कधी म्हणत नसू, त्यामुळे आईला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मामा रेल्वेत होते. आता पेन्शन आमच्याच शाखेत. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी काठी टेकत येतात. मोबाईलवरही होतो आता, मी दोनदा सांगितले. ऐकत नाहीत. अंगठ्याच्या रेषा केळीच्या चिकात गेल्या, यंत्र ओळखत नाही, म्हणून कागदावरच सगळे करावे लागते. सदर इसम माझ्यासमक्ष हजर असून हयात आहे, असे मी लिहितो.

गेल्या नोव्हेंबरात शिक्का मारताना त्यांनी टोपी काढली, कपाळ खिडकीच्या जाळीपाशी आणले आणि म्हणाले, “नीट बघून घे रे. मीच आहे ना?”

“तुम्हीच मामा,” मी म्हणालो.

“मग बरं,” ते म्हणाले, आणि केळ्यांची फणी काउंटरवर ठेवून गेले.