निम्मा-निम्मा चहा

फौजेत जेवणाला वेळ असते, चहाला नसते. पहाटे संतरी बदलताना चहा, पीटीहून आल्यावर चहा, गाडी पंक्चर झाली तरी चहा. पोस्टिंग बदलते, हवा बदलते, लंगरचा कुक बदलतो आणि त्याबरोबर ग्लासातला चहाही बदलतो. आसामात तो लाल आणि कोरा, लडाखात खारट आणि लोण्याचा, काश्मिरात गुलाबी, आणि पंजाबात असा घट्ट दुधाळ की चमचा उभा राहावा.

हल्ली शहरांतल्या दुकानांत तऱ्हेतऱ्हेच्या मिश्र चहांचे सुंदर डबे मिळतात. गुलाबाच्या पाकळ्या, दालचिनी, संत्र्याची साल, तुळस घातलेले. हे काहीतरी नवे आणि परदेशी आहे अशी समजूत दिसते. चहाच्या वाटेवरच्या चार-पाच ठिकाणी नोकरी झाली की ही समजूत टिकत नाही. आपल्याकडचा चहा मिसळीचाच आहे. त्यात काय मिसळायचे, तो कोणी कोणाबरोबर प्यायचा आणि त्याचा फायदा कोणाला, यावरून या देशात बरेच काही घडले आहे. आज त्याविषयी थोडे, आणि शेवटी घरच्या घरी मिश्रण कसे करायचे ते.

बांबूतला चहा आणि मणिराम दिवाण

चहा इंग्रजांनी चीनमधून आणला, असे आपण शाळेत ऐकलेले असते. ते अर्धेच खरे. आसामच्या पूर्व टोकाला आणि अरुणाचलच्या पायथ्याला सिंगफो लोक राहतात. ते जंगली चहाची पाने भाजून, उन्हात वाळवून बांबूच्या नळीत ठासून भरतात आणि ती नळी चुलीवरच्या धुरात ठेवतात. या चहाला ते फालाप म्हणतात. नळीतून निघालेल्या कांडीचा तुकडा पाडायचा आणि गरम पाण्यात टाकायचा. दूध नाही, साखर नाही. घोट घेतला की आधी धूर लागतो, मग बांबू, आणि शेवटी हलका गोडवा. त्याला बाहेरून वेगळा स्वाद लावावा लागत नाही, तो साठवणीतूनच येतो.

१८२३ साली रॉबर्ट ब्रूस हा स्कॉटिश माणूस सिंगफो प्रमुख बिसा गाम याच्यापर्यंत पोचला आणि आसामात चहाचे झाड आहे हे कंपनीच्या जगाला कळले. ही गाठ ज्याच्यामुळे पडली तो आसामी सरदार मणिराम दिवाण. पुढे १८३४ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने चहा समिती नेमली, १८३९ च्या जानेवारीत आसामी चहाच्या पहिल्या आठ पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या आणि त्याच वर्षी आसाम कंपनी उभी राहिली. मणिराम तिचा दिवाण झाला. काही वर्षांनी त्याने ती नोकरी सोडली आणि स्वतःच्या बागा लावल्या. जोरहाटजवळची सिनामारा ही त्यांपैकी एक. स्वतःच्या हिमतीवर चहाचा व्यवसाय करणारा तो पहिला भारतीय मानला जातो.

१८५७ च्या उठावात आहोम राजपुत्र कंदर्पेश्वर सिंहाला गादीवर बसवण्याच्या कटावरून त्याला कलकत्त्यात पकडले. २६ फेब्रुवारी १८५८ रोजी जोरहाटला मणिराम आणि पियली बरुआ यांना फाशी दिले गेले. मणिरामच्या बागा लिलावात इंग्रजाकडे गेल्या. आसामात पोस्टिंग असलेल्या प्रत्येक मराठी जवानाने हे नाव लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

मिठाचा चहा

बागा वाढल्या तशी माणसे कमी पडू लागली. छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओडिशा, पूर्व उत्तर प्रदेश इथून कराराने बांधून मजूर आणले गेले. १८६५ च्या कायद्याने तर पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटशिवाय पकडायचा अधिकार मळेवाल्यालाच दिला. म्हणजे मालक तोच, शिपाई तोच.

१९२१ च्या मे महिन्यात बराक खोऱ्याकडच्या चारगोला भागातले हजारो मजूर, मजुरी परवडत नाही म्हणून, बागा सोडून गावाकडे निघाले. चालत आणि रेल्वेने ते मेघनेकाठच्या चांदपूरला आले (आज ते बांगलादेशात आहे). तिथे पुढे जायला साधन नाही, पोटाला अन्न नाही. २० मेच्या रात्री स्टेशनवर झोपलेल्या बायकामुलांसह या लोकांवर गुरखा शिपाई सोडण्यात आले. नंतर पटकीची साथ आली आणि अनेक जण तिथेच गेले. त्यांच्या बाजूने रेल्वे आणि बोटींवरच्या कामगारांनी संप केला. सी. एफ. अँड्र्यूज तिथे धावून गेले. ती रात्र मी वाचली तेव्हा मजुरांइतकाच त्या शिपायांचाही विचार मनात आला. हुकूम होता, गणवेश होता, आणि समोर झोपलेली माणसे होती. तेव्हाच्या परक्या सरकारच्या फौजेत आणि आजच्या आपल्या फौजेत काय फरक असला पाहिजे, हे मला एखाद्या व्याख्यानापेक्षा त्या स्टेशनाने जास्त समजावले.

आसामच्या अनेक बागांत आजही काम चालू असताना मजुरांना मीठ घातलेला कोरा चहा दिला जातो. घामाने मीठ जाते म्हणून. चवीच्या दृष्टीने ते खरे मिश्रणच आहे, कारण चिमूटभर मीठ कडूपणा कमी करते. पण बागेतल्या मजुरांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण मोठे असल्याचे वैद्यकीय पाहण्यांत दिसले, आणि त्याचे एक कारण म्हणून या जादा मिठाकडे बोट दाखवले गेले. उत्तम पत्ती लिलावाला जाते आणि ती खुडणाऱ्या बाईच्या वाट्याला मिठाचे पाणी येते.

उंचावरचा चहा

लडाखात मीठ वेगळ्या कारणाने येते. १६८४ च्या तिंगमोसगंग तहानंतर लेहहून ल्हासाला दर तीन वर्षांनी ‘लोपचक’ नावाचा तांडा जायचा आणि ल्हासाहून लेहला दरवर्षी चहाचा सरकारी तांडा यायचा. तो चहा म्हणजे दाबून केलेल्या चिनी विटा. विटेचा तुकडा तासन्‌तास उकळायचा, अर्क करून ठेवायचा, मग लाकडी नळीत लोणी आणि मीठ घालून घुसळायचा. घुसळताना होणाऱ्या आवाजावरून त्याला गुरगुर चा म्हणतात.

हे सगळे करण्यामागे साधे शास्त्र आहे. दर तीनशे मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. लेहच्या साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. आपली पाच मिनिटांची रीत तिथे फिका चहा देते. म्हणून लडाखी आई तासभर उकळते आणि आपला लंगरचा कुक प्रेशर कुकर चढवतो. एका गावातल्या आमा-लेंनी मला पहिला पेला दिला तेव्हा मी तो चहा समजून प्यालो आणि तोंड वाकडे झाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘बेटा, इसे चाय मत समझो, सूप समझो.’’ दुसरा पेला सहज गेला.

काश्मिरातली नून चाय याच कुळातली. हिरवी पत्ती चिमूटभर सोडा घालून खूप वेळ उकळायची आणि पळीने उंचावरून ओतत राहायची. सोडा आणि हवा यांमुळे अर्क गडद लाल होतो आणि दूध पडले की गुलाबी. कहवा मात्र वेगळा. त्यात केशर, वेलची, दालचिनी, वर बदामाचे काप, आणि दूध अजिबात नाही.

मसाला कोणी घातला?

खाली मैदानात चहा उशिरा आला. १९०३ साली बागायतदारांच्याच मागणीवरून निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. आधी परदेशात, मग देशात. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, खाणी, कारखान्यांत चहाची दुकाने लावली गेली. रेल्वेच्या मोठ्या स्टेशनांवर विक्रेत्यांना किटल्या आणि पत्ती देऊन उभे केले. दुसऱ्या महायुद्धात तर फौजेबरोबर फिरत्या चहागाड्या होत्या. आपल्या ‘चाय आ गई’चे आजोबा तेच.

प्रचारकांनी ‘योग्य’ चहा कसा करावा हे चित्रे काढून शिकवले. पाणी ताजे उकळलेले, पत्ती मोजून, दूध थोडे. विक्रेत्यांनी ऐकले नाही. पत्ती महाग होती, म्हणून त्यांनी ती कमी केली, दूध-साखर वाढवली आणि आले-वेलची घातली. प्रचारकांना हे आवडत नव्हते, कारण मसाला पडला की पत्ती कमी खपते. ज्याला आज जगभर भारताची ओळख म्हणून मिरवले जाते तो मसाला चहा असा कंपन्यांचे न ऐकता झाला. १९३० च्या आसपास आसामात सीटीसी यंत्र आले. पान कुस्करायचे, फाडायचे, गुंडाळायचे. त्याचे बारीक दाणे लवकर उतरतात, दुधापुढे हार मानत नाहीत आणि स्वस्तही पडतात. यंत्राचा हा दाणा आणि फेरीवाल्याचा मसाला यांची जोडी नंतर पक्की जमली.

हिंदू चहा, मुसलमान चहा

पण चहात काय घालायचे याहून मोठा प्रश्न होता तो कोणाच्या हातचा प्यायचा हा. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपासाठी!

रेल्वे स्टेशनांवरही पुढे कित्येक वर्षे हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे, तसाच चहा वेगळा असे. आणि याचे उत्तर शिपायांनी दिले. दुसरे महायुद्ध संपल्यावर आझाद हिंद सेनेचे सैनिक दिल्लीत कैदेत होते. गांधीजी त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी तक्रार केली की इथे आम्हाला हिंदू चहा आणि मुसलमान चहा वेगळा देतात. मग तुम्ही काय करता, असे गांधीजींनी विचारले. उत्तर आले की आम्ही दोन्ही निम्मे-निम्मे एकत्र करतो आणि सगळे मिळून पितो.

भारतात केलेल्या सगळ्या चहा-मिश्रणांत मला हे सर्वांत मोठे वाटते. आजही युनिटमध्ये एकाच पातेल्यातून ग्लास भरताना कोणी विचारत नाही की हा कोणाचा.

आता घरी

सुट्टीवर जाताना पोस्टिंगच्या गावची पाव किलो पत्ती घेऊन जा आणि खालीलप्रमाणे करून बघा.

आधी चव घ्यायला शिका. दोन-तीन पत्त्या निवडा. प्रत्येकीची अडीच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, दीडशे मिली उकळत्या पाण्यात पाच मिनिटे झाकून ठेवा आणि गाळा. दूध-साखर नको. कोमट झाल्यावर चमच्याने जोरात सुर्रकन ओढून प्या. आईने लहानपणी यासाठी रागावले असेल, पण चव घेणारे लोक असेच पितात, कारण हवेबरोबर वास नाकापर्यंत जातो. घरातल्या कोणालातरी कपांच्या तळाला खुणा करायला सांगा, म्हणजे महाग डब्याचा मोह राहत नाही.

मग मिसळा. सीटीसीचे तीन भाग आणि दार्जिलिंग किंवा कांगड्याच्या पानाचा एक भाग, अशी सुरुवात बरी. एक अंगाला, एक वासाला. दूध घालणार असाल तर पान वाढवू नका, त्याचा नाजूक वास दुधात बुडतो. दाणा जड असतो आणि तळाशी बसतो, तेव्हा प्रत्येक वेळी डबा हलवून घ्या.

स्वादाच्या वस्तू पूर्ण कोरड्या हव्यात, नाहीतर बुरशी धरते. नागपुरी संत्र्याची साल आतला पांढरा भाग काढून सावलीत वाळवा. गवती चहाही तसाच. ताजे आले डब्यात नको. ते ठेचून पाण्यातच आधी उकळा आणि दूध नंतर घाला. कच्चे आले दुधात पडले तर दूध नासते. वेलदोडा शेवटी, कारण त्याचा वास लवकर उडतो. पत्ती आसपासचा वास पटकन ओढते, म्हणून हिंगाच्या डब्याशेजारी ठेवू नका. मात्र मोगऱ्याची फुले रात्रभर पत्तीत ठेवून सकाळी काढून टाकलीत तर याच गुणाचा फायदा होतो. चिनी लोकांचा जाईचा चहा याच रीतीने होतो.

डब्यावर नाव लिहा, आणि जमले तर पत्तीच्या बागेचे किंवा गावाचे नावही लिहा. सिनामारा, पालमपूर, काहीही असो. मुलांनी विचारले की ते गाव कुठे आहे, तर मणिरामची गोष्ट सांगायला तेवढे निमित्त पुरते.

तुमच्या घरचे प्रमाण काय आहे ते कळवा. माझ्याकडे पुढच्या सुट्टीपर्यंत तीन डबे रिकामे आहेत.

जय हिंद!