डीमनमध्ये दिव्यांग भाडेकरूचे घर : तीन दारे आणि एक रांग

ॲमस्टरडॅमच्या आग्नेयेस, शहराला जवळजवळ चिकटून वसलेली डीमन ही उत्तर हॉलंड प्रांतातील तीस हजारांहून थोड्या अधिक वस्तीची नगरपालिका. रँडस्टॅड या मनुष्यबळ कंपनीचे मुख्यालय येथे आहे. आरोग्य विम्याच्या मूलभूत पॅकेजात कोणते उपचार असावेत याचा सल्ला सरकारला देणारी राष्ट्रीय आरोग्य संस्थाही येथेच आहे. मेट्रो, रेल्वे आणि ट्राम या तिन्ही सोयींमुळे ॲमस्टरडॅममध्ये नोकरी करणाऱ्यांना हे गाव सोयीचे वाटते. डीमन दक्षिण भागातील जुन्या कार्यालयीन पट्ट्यात हॉलंड पार्कसारखी नवी वसाहत उभी राहिली असून तेथील खासगी भाडी चांगल्या पगारावर, बहुधा दोन पगारांवर, बेतलेली असतात.

हे गणित एका अपघाताने, पक्षाघाताच्या झटक्याने किंवा मज्जासंस्थेच्या दीर्घ आजाराने मोडू शकते. पगार घटतो, त्याच वेळी जिना चढणे अशक्य होते. परवडणारे आणि वावरता येण्याजोगे, अशा दोन्ही अटी पुऱ्या करणारे घर मग शोधावे लागते. नेदरलंड्समध्ये या गरजेची दखल घेणारी यंत्रणा आहे, पण ती एका खिडकीची नाही. उत्पन्नाचे दार वेगळे, घराचे वेगळे आणि घरातील बदलांचे वेगळे. एक दार उघडले म्हणून दुसरे आपोआप उघडत नाही.

सर्वत्र चालणारे प्रमाणपत्र नाही

भारतात 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारचे अपंगत्व मान्य केले आहे. अपंगत्वाची टक्केवारी नोंदवणारे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांची महाराष्ट्रातील कुटुंबांना सवय असते. नेदरलंड्समध्ये सर्व कार्यालयांत चालेल असे एकच प्रमाणपत्र दिले जात नाही. प्रत्येक संस्था आपल्या प्रश्नापुरती स्वतंत्र तपासणी करते. विमा संस्था विचारते की ही व्यक्ती किती कमावू शकते, तर नगरपालिका विचारते की तिला या घरात कोणती अडचण येते.

दुसरा फरक डॉक्टरांच्या चिठ्ठीचा. डच वैद्यकीय संघटनेच्या नियमानुसार उपचार करणाऱ्या डॉक्टरने आपल्याच रुग्णाला 'यांना तळमजल्याचे घर आवश्यक आहे' अशा स्वरूपाचा अभिप्राय लिहून देऊ नये. तो स्वतंत्र डॉक्टरने द्यावा. फॅमिली डॉक्टरचा नकार हा म्हणून असहकार नसतो. रुग्णाची लेखी संमती असल्यास तो निदान आणि उपचारांची वस्तुस्थिती कळवू शकतो. ती कागदपत्रे वेळीच मागवून ठेवणे हिताचे.

पहिले दार : उत्पन्न

आजारपणाचे पहिले 104 आठवडे मालकाने वेतनाच्या किमान 70 टक्के रक्कम द्यायची असते. आजारपणातच मुदतीचा करार संपला तर त्या कालावधीची जबाबदारी सहसा यूडब्ल्यूव्ही या कामगार विमा संस्थेकडे जाते. दोन वर्षांनंतर डब्ल्यूआयए हा कार्यक्षमता विमा लागू होतो. कमाईची क्षमता किमान 35 टक्क्यांनी घटली असेल तरच तो मिळतो. पूर्ण आणि कायमस्वरूपी अक्षमता मान्य झाल्यास पूर्वीच्या वेतनाच्या 75 टक्के रक्कम मिळते. मात्र ज्या वेतनावर ही टक्केवारी मोजतात त्याला कमाल मर्यादा आहे. मोठ्या पगाराच्या व्यक्तीच्या हाती म्हणून मूळ पगाराच्या 75 टक्क्यांहून बरेच कमी येते. घरभाड्याचा हिशेब या प्रत्यक्ष रकमेवर करावा लागतो.

विम्याचा हक्क नसेल आणि अन्य उत्पन्नही नसेल, तर नगरपालिकेकडून मिळणारे सामाजिक साहाय्य, म्हणजे 'बाइस्टांड', हा शेवटचा आधार. येथे मालमत्तेची कडक तपासणी होते आणि परदेशातील मालमत्ताही जाहीर करावी लागते. पुण्यातील फ्लॅट किंवा गावाकडच्या जमिनीतील हिस्सा लपवणे हा केवळ तांत्रिक दोष ठरत नाही. रक्कम परत करावी लागते आणि दंडही होतो. याशिवाय एकाच घरात अन्य प्रौढ व्यक्ती राहत असल्यास ही रक्कम कमी होऊ शकते. डब्ल्यूआयएच्या रकमेला सहनिवासाचा हा नियम लागू नाही.

दुसरे दार : सामाजिक भाड्याचे घर

नियंत्रित भाड्याची घरे प्रामुख्याने गृहनिर्माण संस्थांकडे असतात आणि डीमनमधील अशी घरे ॲमस्टरडॅम परिसराच्या सामायिक 'वोनिंगनेट' यंत्रणेतून दिली जातात. त्याच नोंदणीवर ॲमस्टेलवेन किंवा हार्लेमरमेर येथील घरांसाठीही अर्ज करता येतो. जानेवारी 2023 पासून येथे गुणपद्धती आहे. नोंदणीच्या प्रत्येक वर्षाला एक प्रतीक्षा गुण मिळतो. महिन्यात किमान चार घरांसाठी अर्ज करणाऱ्याला एक शोध गुण मिळतो. असे गुण कमाल 30 पर्यंत साठतात. मुलांसह विभक्त होणारे पालक, दुसऱ्यांच्या घरी राहणारी कुटुंबे अशा ठरावीक परिस्थितींसाठी वेगळे गुण आहेत.

2025 साली सामाजिक भाड्याची कमाल मर्यादा दरमहा 900.07 युरो होती. अशा घरासाठी वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा एकट्या व्यक्तीसाठी 49,669 आणि एकाहून अधिक व्यक्तींच्या कुटुंबासाठी 54,847 युरो होती. दरवर्षी हे आकडे बदलतात. 2016 पासून गृहनिर्माण संस्थांना भाडे भत्त्यास पात्र असलेल्या किमान 95 टक्के कुटुंबांना अधिक स्वस्त गटातीलच घर द्यावे लागते. उत्पन्न कमी असलेल्याला महाग घर 'कसेबसे भागवू' म्हणून घेता येत नाही, हा त्याचा व्यवहारातील अर्थ.

'ह्यूरतुस्लाख' हा भाडे भत्ता नगरपालिका देत नाही. तो अर्थ मंत्रालयाच्या भत्ते विभागाकडून मिळतो. घरातील सर्वांचे उत्पन्न आणि मालमत्ता त्यात मोजली जाते. येथेही भारतातील घर हिशेबात धरावे लागते.

आजारपणामुळे विद्यमान घरात राहणे खरोखरच अशक्य झाले असेल तर नगरपालिकेकडे तातडीच्या प्राधान्यासाठी अर्ज करता येतो. निकष कठोर आहेत. घर गैरसोयीचे आहे एवढे पुरेसे नसते. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने प्रश्न सुटत नाही, हे दाखवावे लागते.

तिसरे दार : घरातील बदल

अनेकदा घर बदलण्यापेक्षा आहे त्या घरात बदल करणे शहाणपणाचे असते. 2015 च्या सामाजिक साहाय्य कायद्यानुसार, म्हणजे डब्ल्यूएमओनुसार, ही जबाबदारी नगरपालिकेची आहे. उंबरठा काढणे, न्हाणीघर बदलणे, जिन्याला लिफ्ट बसवणे अशा गोष्टी त्यात येऊ शकतात. प्रथम गरज कळवायची. त्यानंतर सहा आठवड्यांत नगरपालिकेने चौकशी पूर्ण करायची आणि औपचारिक अर्जानंतर दोन आठवड्यांत निर्णय द्यायचा. या काळात विनामूल्य स्वतंत्र साहाय्यक सोबत घेण्याचा हक्क आहे. मंजुरीपूर्वी स्वखर्चाने काम उरकणे टाळावे. नंतर भरपाई मिळणे अवघड होते. 2025 साली लाभार्थीचा स्वतःचा वाटा दरमहा कमाल 21 युरो होता.

घरमालकाची परवानगी मिळणार नाही या भीतीने अनेक जण अर्जच करत नाहीत. कायद्यात तिचे उत्तर आहे. मंजूर बदल करण्यापूर्वी मालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, पण त्याची संमती ही अट नाही. घर सोडताना ते बदल काढून टाकण्याचे बंधनही भाडेकरूवर नाही. बदलांचा खर्च फार मोठा असेल तर योग्य घरात स्थलांतर करावे आणि त्यासाठी साहाय्य घ्यावे, असे नगरपालिका सुचवू शकते. निर्णय मान्य नसल्यास सहा आठवड्यांत हरकत नोंदवता येते.

खासगी घरमालक आणि नकार

खासगी बाजारात भाड्याच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक मासिक उत्पन्नाची अट सर्रास आढळते. उत्पन्न कमी म्हणून दिलेला नकार आपोआप बेकायदा ठरत नाही. व्हीलचेअर किंवा दीर्घ आजार हे कारण असेल तर मात्र तो भेदभाव आहे. समान वागणुकीच्या कायद्याचे हे संरक्षण 2009 पासून घरांनाही लागू आहे. मात्र या कायद्याच्या आधारे मालकाला बांधकामातील बदल करायला लावता येत नाहीत. त्यासाठी नगरपालिकेचाच मार्ग. जुलै 2023 पासून लागू असलेल्या सुयोग्य भाडेव्यवहार कायद्यानुसार भाडेकरूची निवड स्पष्ट निकषांवर करावी लागते आणि नाकारलेल्या उमेदवाराला कारण कळवावे लागते. तक्रार नगरपालिकेच्या केंद्रात किंवा मानवी हक्क मंडळाकडे विनामूल्य करता येते. नकार फोनवर आला तर कारण लेखी मागावे. पुढे पुरावा म्हणून तेच उपयोगी पडते.

निवास परवान्याचा प्रश्न

भारतीय नागरिकासाठी घराच्या प्रश्नामागे परवान्याचा प्रश्न उभा असतो. डब्ल्यूआयए हा नोकरीतून मिळालेला विम्याचा हक्क आहे. बाइस्टांड हा सार्वजनिक तिजोरीवरील भार मानला जातो. तात्पुरता परवाना असताना बाइस्टांड घेतल्यास निवासाच्या हक्कावर परिणाम होऊ शकतो. उच्चकुशल स्थलांतरिताचा परवाना तर मुळातच नोकरीवर आधारलेला असतो. ती संपल्यावर नवी शोधण्यासाठी कमाल तीन महिने मिळतात, म्हणून राजीनाम्याच्या किंवा सहमतीने करार संपवण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी सल्ला घेणे अत्यावश्यक आहे. आजारी कर्मचाऱ्याच्या अशा सहीने विम्याचा हक्कही धोक्यात येतो. प्राथमिक सल्ला 'युरिडिस लोकेट' या कायदा साहाय्य केंद्रात विनामूल्य मिळतो.

आधी करता येणारी एकच गोष्ट

विम्याची तपासणी आणि घरातील बदलांचा अर्ज गरज निर्माण झाल्यावरच करता येतो. वोनिंगनेटवरील नोंदणी मात्र आधीही करता येते. वैध निवास परवाना असलेली 18 वर्षांवरील व्यक्ती ती करू शकते, कारण उत्पन्नाची तपासणी घर देण्याच्या वेळी होते, नोंदणीच्या वेळी नाही. उत्तम पगार असताना सामाजिक घराच्या रांगेत नाव घालणे अनेकांना अप्रस्तुत, काहींना कमीपणाचेही वाटते. पण दहा वर्षे येथे राहून आजारपणात नोंदणी करणाऱ्याच्या खाती प्रतीक्षेचा एकही गुण नसतो, आणि पहिल्याच वर्षी नाव घातलेल्या त्याच्या सहकाऱ्याकडे तेव्हा नऊ-दहा असतात. किरकोळ शुल्कात होणारी ती नोंदणी प्रकृती आणि पगार दोन्ही ठीक असतानाच करून ठेवलेली बरी.