ऑर्थाइट : बाद झालेल्या एका नावाचा इतिहास

एप्रिल २०२३ मध्ये आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये असलेली खनिजे आढळल्याचे वृत्त आले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या या शोधातील खनिजांत ॲलॅनाइटचाही समावेश होता. याच सिलिकेट खनिजाला जुन्या ग्रंथांत ‘ऑर्थाइट’ म्हटलेले आढळते; आज मात्र ते स्वतंत्र खनिजाचे नाव म्हणून मान्य नाही. असे का झाले?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल गीसेके यांनी ग्रीनलंडहून पाठवलेले नमुने युद्धकाळात ब्रिटिशांच्या हाती पडले आणि स्कॉटलंडमधील लीथ बंदरात विकले गेले. ते एडिनबरोचे खनिजसंग्राहक थॉमस ॲलन यांनी घेतले. त्यांतील एक काळे खनिज त्यांना गॅडोलिनाइटसारखे वाटले. थॉमस थॉमसन यांनी रासायनिक विश्लेषण करून ते निराळे असल्याचे दाखवले आणि १८१० मध्ये ॲलन यांच्या सन्मानार्थ त्याला ॲलॅनाइट हे नाव दिले. त्यात ‘जुनोनियम’ हे नवे मूलद्रव्य असल्याचेही थॉमसन यांना वाटले होते. ते सिरियमच निघाले.

पुढे १८१८ मध्ये बर्झेलियस यांनी स्वीडनमधील फालूनजवळच्या एका खनिजाचे वर्णन केले. त्याचे स्फटिक सरळ व लांबट होते. म्हणून ‘सरळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला ऑर्थाइट म्हटले.

एकच खनिज दोन वाटावे, यामागे सबळ कारण आहे. ॲलॅनाइटमध्ये बहुधा थोडे थोरियम असते. त्याच्या किरणोत्साराने कोट्यवधी वर्षांत स्फटिकरचना मोडते, खनिज काचेसारखे होते आणि पाणी शोषून घेते. त्यामुळे दोन ठिकाणच्या नमुन्यांची घनता, चमक व घटकप्रमाण यांत फरक पडतो. क्ष-किरणांनी अंतर्रचना पाहण्याची सोय नसलेल्या काळात रसायनशास्त्रज्ञाला या बाह्य लक्षणांवरच विसंबावे लागे.

दोन्ही खनिजे एकच ठरल्यावर आधीचे नाव टिकले. दुर्मीळ मृदा खनिजांच्या नावापुढे प्रमुख मूलद्रव्याची संज्ञा जोडण्याची पद्धत लेव्हिन्सन यांनी १९६६ मध्ये सुचवली. त्यानुसार सिरियमप्रधान ॲलॅनाइट आणि लँथॅनमप्रधान ॲलॅनाइट आज वेगळ्या जाती मानल्या जातात.

जर्मन व स्कँडिनेव्हियन लेखनात ऑर्थाइट हे नाव दीर्घकाळ रूढ राहिले. म्हणून या खनिजाच्या जुन्या नोंदी शोधणाऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही नावांनी शोध घ्यावा. अन्यथा एका खनिजाची अर्धीच माहिती हाती लागेल.