२१३, २१९, २०७, २२२, २०७ म्हणजे शिरूर : जुनी मराठी फाइल कशी वाचायची?

पीएचडीचा विषय इतिहास म्हटला की पहिला सल्ला मिळतो, "मोडी शिका." बरोबरच आहे. पण १९८५ ते २००५ या काळात संगणकावर टंकलेली साधनं वापरणार असाल, तर बाइटही वाचता यायला हवेत.

माझंच उदाहरण देते. माझा विषय शिरूर-दौंड भागातली शेतकऱ्यांची कर्जं. एका निवृत्त गुरुजींनी नव्वदच्या दशकात जुन्या कर्जखतांच्या नोंदी संगणकावर उतरवल्या होत्या. मूळ कागद आता सापडत नाहीत, उरली फक्त फाइल. उघडली तर पडद्यावर सगळी अनोळखी चिन्हं! मी घाईत ती वर्ड प्रोसेसरमधून सेव्ह केली आणि बरेच बाइट बदलून बसले. नशीब, गुरुजींकडे फ्लॉपी शिल्लक होती. तेव्हा पहिला नियम: आधी प्रत काढा आणि काम प्रतीवरच करा.

आता हा कचरा का दिसतो ते बघू. मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरला विकसित केलेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आलं. भारतीय लिप्यांसाठीची 'इस्की' मांडणी १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात बहुतेक चिन्हांना एकच बाइट. दुसरीकडे खासगी फाँटवाल्यांनी आपापल्या मांडण्या केल्या. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून बेतला, पण आकडे वेगळे. त्यामुळे आजचा संगणक जुनी फाइल आपोआप ओळखत नाही.

मग करायचं काय? मोडी वाचताना आपण आधी ओळखीचं गावाचं नाव शोधतो ना, तेच इथे. लिनक्सवर 'ओडी' ही कमांड प्रत्येक बाइट दशमान आकड्यात दाखवू शकते. इस्कीत शिरूर म्हणजे २१३, २१९, २०७, २२२, २०७. दौंड म्हणजे १९६, २३०, १६२, १९१. ही माळ सापडली की मांडणी कळली. शिरूर हे नाव चाचणीला फारच सोयीचं आहे: इस्कीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराप्रमाणे 'श' नंतर येते, तर फाँटच्या फायलींत ती बहुधा दिसते तशी आधी येते. इस्की निघाली तर 'यूकॉन्व्ह' तिचं युनिकोड करून देतं.

कधी कधी मजकुराबरोबर तो लिहिणारा जुना प्रोग्रामही हाती लागतो. त्यातले वाचता येणारे शब्द 'स्ट्रिंग्ज' काढून देते. 'ऑब्जडम्प' त्यातल्या यंत्राच्या आज्ञा असेंब्ली भाषेत उलगडून दाखवतं. कुठली कळ दाबल्यावर कुठला बाइट लिहिला जातो, हे त्यातून शोधता येतं. डॉसचा प्रोग्राम असेल तर 'ही कच्ची फाइल आहे, ८०८६ ची आहे' हे त्याला सांगावं लागतं.

इथेच सावध राहा. कच्ची फाइल म्हणून दिलेलं काहीही ऑब्जडम्प उलगडतं, 'हा प्रोग्राम नाही' असं म्हणत नाही. इस्कीतला 'भीमथडी' शब्द द्या: २०३, २२०, २०४, १९५, १९१, २२०. ते वाचेल: दूरच्या हाकेवरून परत जा, गुणाकार कर, परत जा. व्याकरण बिनचूक, अर्थ शून्य! भीमथडी हे आजचं दौंड ज्यात होतं त्या जुन्या तालुक्याचं नाव, हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

त्याच भीमथडीतल्या सुप्यात १२ मे १८७५ रोजी दख्खनचा उठाव सुरू झाला आणि शिरूर तालुक्यातही पोचला. लोकांचा रोख होता सावकाराच्या कर्जखतांवर. स्वतःला न वाचता येणाऱ्या मजकुराखाली निशाणी करून कुणबी बांधला जात होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने अशी खतं गावच्या निबंधकासमोर करण्याची तरतूद केली, ती याचसाठी.

आपणही साधनाने दिलेलं उत्तर न तपासता प्रबंधात घातलं, तर न वाचता निशाणीच केली ना? म्हणून तळटीपेत लिहा: फाइल कुठून आली, मांडणी कोणती ठरली, कोणत्या शब्दांवरून, कुठलं साधन, त्याची आवृत्ती कोणती. माझ्या नोंदींत रकमेचे काही आकडे अजून जुळत नाहीत. ते मी अंदाजाने भरलेले नाहीत, तसेच कंसात बाइटसकट ठेवलेत.