तळटीप : पंचहौद मिशन

१. पुण्याच्या गुरुवार पेठेतील ही ख्रिस्ती मंडळी लूथरन नव्हे, अँग्लिकन परंपरेतली. तिचे पवित्र नाम देवालय १८८५ मध्ये उभे राहिले. काउलीचे धर्मगुरू आणि वाँटेजच्या भगिनी यांनी येथे उपासनेइतकेच शिक्षणालाही धर्मकार्य मानले. मराठी वाचकाला मात्र हे नाव आठवते ते १८९० च्या चहामुळे. गोपाळराव जोशी यांनी घडवून आणलेल्या त्या प्रसंगी न्या. रानडे व लो. टिळक हजर होते. ख्रिस्ती मिशनमधील या चहापानावरून पुढे ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) झाले, प्रायश्चित्ते घ्यावी लागली. त्या वादात मिशनचे शाळांमधले काम झाकोळले, हा त्याच्यावर अन्यायच आहे. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन मंडळ्या त्यात विलीन झाल्या. लूथरन मंडळ्या स्वतंत्रच राहिल्या. — संपादक